कामावर निघालेली भुतं

ज्या वर्षी बाबांचे हात स्वच्छ झाले, त्या वर्षी आमच्या घरात खायचे वांधे झाले.

वाक्य उलटं वाटेल, पण तसंच आहे ते. बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत कपड्याचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. आठवड्याला त्यांचे हात बदलायचे. कधी निळे, कधी हळदीत बुडवून काढल्यासारखे, कधी इतके लाल की शेजारच्या बाया विचारायच्या, "दत्ताभाऊ, कुणाचा मुडदा पाडून आलात?" साबणाने तो रंग जायचा नाही, रॉकेलनेही जायचा नाही. मग कारखान्याला कुलूप लागलं आणि महिन्याभरात बाबांच्या नखांच्या कडांमधला रंगसुद्धा गेला. ते गोरेगोमटे हात मांडीवर ठेवून माणूस दारात बसून राहायचा. मी तेव्हा आठवीत होते. आईने कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये पोळ्यांची कामं धरली. आधी दोन घरं, मग पाच. शंभर-सव्वाशे पोळ्या लाटून ती यायची आणि आमच्या घरी संध्याकाळी पेज असायची, कारण तिचे खांदे वर उचलत नसत. पेजेबरोबर लोणचं मिळालं की तो सण. दोन पावसाळे मी एका चपलेवर काढले आणि तिचा अंगठा तीनदा शिवून घेतला.

हे कुणी हळहळावं म्हणून सांगत नाही. जे सांगायचंय ते निराळं आहे, आणि ते आठवलं की मला अजून बसल्या जागी उड्या माराव्याशा वाटतात. मला माझ्या भुतांबद्दल सांगायचंय.

ऑक्टोबर आला की माझ्या बोटांना खाज सुटते. दसरा होऊन गेलेला असतो, दारावरचा झेंडू काळपट पडून दोऱ्याला लोंबत असतो. ऊन असं की रिक्षाच्या सीटवर बसवत नाही, आणि संध्याकाळी सहानंतर मात्र खिडकीतून एक हलकी, कोरडी झुळूक येते, जणू कुणीतरी दार किलकिलं करून बघतंय. शीळ रस्त्याच्या पलीकडे जी दोन-चार शेतं उरलीत तिथला भात पिवळा व्हायला लागतो. आणि घराघरांत आवराआवर सुरू होते. माळे रिकामे होतात, पितळी डबे चिंचेने घासले जातात, ओल्या डिस्टेंपरचा वास जिन्यात रेंगाळतो. अन् इमारतींच्या खाली, कचऱ्याच्या पिंपांना टेकून, चित्रं दिसायला लागतात.

दिवाळीच्या आधी लोक किती चित्रं टाकतात! लग्नात आलेली, वास्तुशांतीला आलेली, कुणी दिली ते आठवत नाही अशी. बर्फातलं लाल छपराचं घर. तळ्याकाठी पाणी पिणारं हरीण. ज्यात द्राक्षं भोपळ्याएवढी दिसतात अशी फळांची टोपली. छत्री घेऊन परदेशातल्या कुठल्याशा ओल्या गल्लीतून जाणारी बाई. धबधबा, जहाज, सूर्यास्त, लाकडी पूल. मला ती दिसली की मी अजूनही थांबते. सोबत कुणी असलं तर म्हणतं, "चल ना, काय बघतेस कचऱ्यात?" मी बघत असते की या पुलावर कोण चालतंय. म्हणजे, कोण चालायला हवंय.

पहिल्यांदा थांबले तेव्हा मी बी.कॉम. होऊन सहा महिने झालेले. आमच्या घरातली पहिली पदवी. ठाण्याला कोर्टाजवळ एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिंगला होते. तिकडे कॉम्प्लेक्समध्ये आई अनघाताईंच्या ओट्यावर कणीक मळत होती. अनघाताई म्हणजे तिथल्या सांस्कृतिक समितीच्या प्रमुख, सात वर्षं आईच्या हातच्या पोळ्या खाणाऱ्या. त्या मोबाइलवर काहीतरी बघत म्हणाल्या, "मावशी, बघा तरी! बाहेरच्या देशात हॅलोविनला काय करतात. जुनी टाकून दिलेली चित्रं आणतात आणि त्यांच्यावर भुतं रंगवतात. किती गोड दिसतं! आपल्याकडे सगळं ते प्लास्टिकचं. असं कुणी काढून देणारं मिळेल का हो?"

आणि आई बोलून गेली, "माझी मनी देईल की."

"मनीषा? ती कॉमर्सवाली ना?"

"असू दे कॉमर्स. चित्रकलेची इंटरमिजिएट झालीय ती."

ती परीक्षा मी शाळेत असताना दिलेली, बी ग्रेड. त्यानंतर हातात ब्रश धरला तो फक्त वकीलसाहेबांचा कीबोर्ड झाडायला.

संध्याकाळी आई पदराने तोंड पुसत पुसत मला हे सांगत होती आणि माझे डोळे मोठे होत चाललेले. "आई! मी भुतं कधी काढलीयेत?"

"आणि मी कधी बघितलीयेत? गेला शब्द तोंडातून. बारा चित्रं पाहिजेत. एकतीस तारखेच्या संध्याकाळी क्लबहाऊसच्या मोठ्या भिंतीवर लागणार. काढ आता."

बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "लोकं भुतं उतरवायला पैसे देतात. ही बसवून घेतायत."

आम्ही हसलो खूप. पण चहा पिताना आई बोटांवर बारा मोजायला लागली, आणि मला कळलं. सात वर्षं त्या कॉम्प्लेक्समध्ये तिची ओळख म्हणजे मागचं गेट, सामानाची लिफ्ट आणि पोळ्या. तिथे पोळ्यांशिवाय दुसऱ्या कशाचा शब्द तिने आजवर दिला नव्हता. तो मोडला असता तर अनघाताई काही वाईट बोलल्या नसत्या, तशा त्या नव्हेतच. म्हणाल्या असत्या, "असू दे हो मावशी." ते 'असू दे' मला माझ्या आईच्या वाट्याला यायला नको होतं. बारा म्हणजे बारा. आणि खाली माझं नाव.

मग काय सांगू, काय दिवस गेले ते! ऑफिसातून सुटले की मी भंगाराच्या दुकानांपुढून चालत यायचे. एका रविवारी दहा चित्रं डोक्यावरून आणली, वाऱ्याने तो बर्फातला बंगला असा हेलकावत होता की मीच उडते की काय. खोलीत ठेवायला जागा नाही म्हणून जिन्याच्या भिंतीला लावून ठेवली. काचा उतरवल्या, मागची झुरळं झटकली, ओल्या फडक्याने धूळ पुसली. आमची घरमालकीण ठकूआजी जिन्यावर कोंबडीसारखी मान वाकडी करून बघत राहायची. आजी इथलीच, तिच्या घरच्यांची एके काळी इथे शेतं आणि खाडीकडे मिठागरं होती.

पहिलं भूत मी धबधब्यावर काढलं. पांढरा रंग घेतला, ब्रश फिरवला, आणि अळूच्या पानावरून पाणी जावं तसा रंग थेंब थेंब होऊन खाली घसरला. चित्रावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा होता. मग कळलं की आधी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायचं, चकाकी घालवायची, मग रंग धरतो. घासलं. धरला. तीन चित्रांवर मिळून नऊ भुतं काढली, मोबाइलवर बघून, अगदी तशीच: वर निमुळती, खाली घोळदार, दोन काळे डोळे. बाजूला उभी राहून मी स्वतःवरच खूश. बी ग्रेड काय, ए ग्रेड!

ठकूआजी आली. कमरेवर हात ठेवून तिने नीट निरखलं. "अगो पोरी, ये कनचे मोदक कारलेस?"

मी बघितलं. बाबांनी बघितलं. आई तर भिंतीला टेकून बसलीच हसून हसून. तळ्याकाठी हरीण पाणी पीत होतं आणि त्याच्यामागून तीन उकडीचे मोदक हळूच येत होते.

"मना तं भ्याव नाय वाटला," आजी म्हणाली. "भूक लागली."

त्या दिवशी मी जेवले नाही. आई माझ्याशेजारी येऊन बसली. आई राजापूरकडची. तिच्या गावच्या घराच्या मागे एक चिंच होती आणि त्या चिंचेवर कोण राहतं हे गावात सगळ्यांना माहीत होतं, जसं आपल्याला बी विंगमध्ये कोण राहतं ते माहीत असतं. ती म्हणाली, "तुझी भुतं नुसती उभी आहेत गं. आमच्याकडे भूत उभं राहत नाही. त्याला काम लागतं. आजी सांगायची, एकाने भूत पकडून आणलं, तर ते दर घटकेला विचारी, काम दे, नाहीतर तुला खातो. विहीर उपसून झाली, लाकडं फोडून झाली. शेवटी त्याने अंगणात बांबू पुरला नि म्हणाला, चढ आणि उतर. अजून चढउतर करतंय म्हणे. रिकामं भूत कुणाला परवडत नाही, बाय. तुझ्या भुतांना काम दे."

माणसाला साक्षात्कार होतो म्हणतात, तो बहुतेक असाच पोळपाटाशेजारी होत असावा. मी उठले आणि धबधब्याखालच्या मोदकाच्या डोक्यावर एक हंडा ठेवला. एकदम पाणी भरायला आलेली बाई झाली ती! कंबर थोडी एका अंगाला कलती केली. "पाय उलटे पाहिजेत," आई म्हणाली. परदेशी भुतांना पाय नसतात, त्यांच्या अंगणात चिखल नसेल. माझ्या भुताला मी पाय काढले, टाचा पुढे. आता ती पाणी घेऊन येत होती की जात होती ते सांगता येईना, आणि ते बघून माझ्याच मानेवरचे केस उभे राहिले. हसूही येत होतं. दोन्ही एकदम. तेव्हा कळलं की हे जमलं.

पण रंग अजून मेलेला होता. चुन्यासारखा पांढरा. बाबा, जे इतके दिवस लांबून बघत होते, ते उठले. आईच्या कपड्यांच्या निळीची बाटली घेऊन आले, बशीत एक थेंब टाकला, माझा पांढरा रंग त्यात कालवला, बोटाने. "निव्वळ पांढरं असं काही नसतं. कपड्याला पण थोडी नीळ देतात तेव्हा तो पांढरा वाटतो. आणि पाणी घाल अजून. मागचं झाड दिसलं पाहिजे भुतातून. एकदम जाड नाही, पातळ पातळ तीन हात." मग म्हणाले, "चित्रात ऊन कुठून येतंय बघ. डावीकडून ना? मग भुताची डावी कड उजळ." पंचवीस वर्षं रंगांच्या टाकीवर काढलेला माणूस. मी त्यांना इतकं बोलताना कितीतरी वर्षांनी ऐकत होते. त्यांचं बोट निळं झालेलं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातच नव्हतं.

आणि मग भुतं कामाला लागली! बर्फातल्या लाल छपराच्या घरापुढे एका भुतिणीने दोरी बांधून धुणं वाळत घातलं, चादरी आणि एक परकर. ओल्या परदेशी गल्लीत पाच भुतं शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहिली, त्यातलं शेवटचं घड्याळ बघतंय. फळांच्या टोपलीशी एक भूत द्राक्षं दाबून बघत भाव करतंय, चेहऱ्यावर असं की आंबटच दिसतायत. जहाजाच्या डेकवर एकजण हात उंच करून मोबाइलला रेंज शोधतोय. लाकडी पुलावर एक म्हातारं भूत नातवंडाचं दप्तर धरून चाललंय, नातू पुढे पळतोय. ऑफिसात एखादं प्रतिज्ञापत्र टाइप करता करता मला नवीन काम सुचायचं आणि मी कागदाच्या मागे खरडून ठेवायचे: 'भूत, गॅस सिलिंडर, जिना.' वकीलसाहेबांनी एकदा तो कागद वाचला. त्यानंतर दोन दिवस ते मला जरा जपून हाक मारत होते.

एक नियम मी तेव्हाच केला, तो अजून पाळते. जुन्या चित्राच्या कोपऱ्यात कुणाची सही असली तर तिच्यावर रंग चढवायचा नाही. ते घर त्याचं. आपण भाडेकरू. आपली सही समोरच्या कोपऱ्यात, लहान.

अकरा झाली. बारावं मिळेना. तीस तारीख, मी ऑफिसात सुट्टी टाकलेली. भंगारवाल्यांकडची चित्रं संपलेली, इमारतींखाली आता नुसते फुटके माठ. मी खोलीत फेऱ्या मारत होते आणि माझी नजर आमच्या भिंतीवर गेली. तिथे होतं ना एक! सात पांढरे घोडे, उधळलेले, पायांत पाण्याचे तुषार. घरोघरी असतं ते. त्याच वर्षी अनघाताईंनी आईला दिलेलं. त्यांच्याकडे नवीन मोठं आलं, वास्तूवाल्याने दिशाही दुसरी सांगितली. पण शुभ चित्र टाकायचं नसतं, म्हणून आईला. "घरात लावा मावशी, प्रगती होते."

खरं सांगते, मला त्या क्षणी अनघाताई आठवल्याही नाहीत. मला फक्त सात रिकाम्या पाठी दिसल्या. सात घोडे धावतायत आणि वर कुणी नाही! मी खुर्चीवर चढून ते काढलं आणि दुपारपर्यंत सातही घोड्यांवर भुतं बसली. सगळी कामाला उशीर झालेली. एकाच्या हातात डबा, एकाने हेल्मेट घातलेलं, एक बाई एका हाताने अंबाडा सावरतेय, एक परीक्षेचं पॅड काखेत मारून. शेवटच्या घोड्यावर दोघं बसलेली, मागचा पडतोय. आई बाहेरून आली, बघितलं आणि म्हणाली, "ह्यात सगळी डोंबिवली आहे गं!" घोडे कुणाचे ते तिलाही आठवलं नाही. आम्ही दोघी इतक्या खुशीत होतो.

एकतीसलाही मी सुट्टी टाकली. बाबा तेव्हा एका एटीएमवर वॉचमन होते, त्यांनी ड्युटी बदलून घेतली. टेम्पोत चित्रं, मध्ये जुन्या साड्या, आणि आम्ही तिघं कॉम्प्लेक्सच्या पुढच्या गेटमधून आत. गेटवरच्या वहीत कारण लिहायचं असतं. बाबांनी लिहिलं, 'चित्र प्रदर्शन'. त्यांचं अक्षर चांगलं आहे, मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

भिंत मोठी, पांढरीशुभ्र, बारा खिळे आधीच मारलेले. एकेक चित्र चढत गेलं. अनघाताई आल्या आणि त्यांना आवडत होतं, खरंच आवडत होतं. धुणं वाळत घालणारी बघून त्या टाळ्या वाजवून हसल्या, रिक्षाच्या रांगेचा त्यांनी फोटो काढला. मी त्यांच्या मागे मागे. अकरावं. मग बारावं.

त्यांचं हसणं बंद झालं.

"हे... हे आमचं ना?"

आईने पदर तोंडाला लावला. मला तेव्हा कळलं मी काय केलंय.

"मी तुम्हाला प्रगती व्हावी म्हणून दिलेलं मावशी. आणि तुम्ही त्याच्यावर भुतं बसवलीत?"

तिथे आजूबाजूला समितीच्या तीन-चार बाया. माझी आई, जी सात वर्षांत तिथे 'पोळ्या किती करू' याच्या पलीकडे फारशी बोलली नसेल, तिने पदर खाली घेतला आणि म्हणाली, "ताई, प्रगती झाली की. पोरगी आज पुढच्या गेटने आली."

अनघाताई घोड्यांकडे बघत म्हणाल्या, "ते खरंय मावशी. पण माझ्या ओमची बारावी आहे हो या वर्षी. आमच्या घरातले घोडे... त्यांच्यावर असं... नको. हे इथे नको."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. 'लावायची तर बारा, नाहीतर एकही नाही,' एवढं माझ्या ओठांपर्यंत आलेलं. पण त्यांचा आवाज कापत होता. आणि माझ्या बारावीला माझ्या आईने घरात कुणाला शिंकू दिलं नव्हतं, पेपरच्या दिवशी मांजर आडवं जाऊ नये म्हणून ती गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची, हातात झाडू घेऊन. बाईची भीती खरी होती. त्यात मोठेपणा दाखवायचा त्यांचा काही हेतू नव्हता. मी घोडे उतरवले. राग आला नाही असं नाही. आला. सगळ्यांत चांगलं चित्र होतं ते माझं.

"चालेल गं, अकरा पण छान दिसतायत," अनघाताई म्हणाल्या. "असू दे."

आलंच ते 'असू दे'!

"बारा म्हणालात ताई," मी म्हणाले. "संध्याकाळपर्यंत बारा होतील. मला एक जुनं चित्र द्या फक्त."

जुनं चित्र कुठून येणार? साफसफाई तर केव्हाच होऊन गेलेली. मी आणि बाबा क्लबहाऊसची अडगळीची खोली धुंडाळायला लागलो, आणि टेबल टेनिसच्या मोडक्या टेबलामागे, भिंतीकडे तोंड करून, ते होतं. चांगलं चार फुटी, सोनेरी फ्रेमचं, कापडावर छापलेलं. ह्या कॉम्प्लेक्सचंच चित्र! इमारती बांधायच्या आधी, बुकिंगच्या वेळी, बिल्डरच्या ऑफिसात लावलेलं. आकाश इतकं निळं की डोळे दुखावेत. गोरीपान माणसं पळतायत, एक मुलगी फुगा घेऊन, दोन कुत्रे, पोहण्याचा तलाव, आणि बाल्कन्याबाल्कन्यांत फुलं.

"ते? ते तर टाकायचंच आहे," अनघाताई म्हणाल्या. मी त्यांच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. एकदा चूक झाली होती.

दुपारचे दोन. बाबा बशीत रंग कालवतायत, आई पंख्याने सुकवतेय, आणि मी त्या चित्राकडे बघत बसलेले. कुठे काम आहे इथे? मग दिसलं. अहो, एवढ्या इमारती, आणि एक माणूस काम करत नाहीये! अंगण कोण झाडतंय? गेट कोण उघडतंय? एवढ्या घरांत पोळ्या कोण करतंय? मी आयुष्यात इतक्या जोरात कधी काढलं नसेल. गेटवर खुर्ची टाकून एक भूत बसवलं. एक झाडू घेऊन, एक दुधाच्या पिशव्या घेऊन, एक लिफ्टच्या दाराशी भाजीच्या दोन पिशव्यांनी वाकलेलं. बांबूच्या परांचीवर बसून अकराव्या मजल्याला रंग देणारं. आणि पोहण्याच्या तलावात, निळ्याशार पाण्यात, ओणव्याने भात लावणाऱ्या चार बाया, कारण इथेच, ह्याच जागी ठकूआजीच्या सासरचं शेत होतं, तिने मला हात करून दाखवलेलं.

"कुणाचा चेहरा काढू नकोस हां," आई कानाशी म्हणाली. "जित्या माणसाचं भूत काढायचं नसतं." चेहरे काढलेच नाहीत. नुसत्या पाठी, वाकलेल्या कंबरा, उचललेले हात. फुगेवाली मुलगी त्यांच्यातून आरपार पळतेय.

साडेपाचला शेवटचा हात दिला. सहाला ते बाराव्या खिळ्यावर होतं, थोडं ओलंच.

मग पोरं आली! आपापल्या आईच्या काळ्या ओढणीची पिशाच्चं, हातात वडापाव. दोन कवट्या, एक चेटकीण, जी आपल्या बाबांच्या मागे लपून होती. आधी सगळी रिक्षाच्या रांगेपाशी हसली. आणि मग कुणीतरी ओरडलं, "ए, ही आपली बिल्डिंग!" झालं. गर्दी तिथून हटेना. "आमची बी विंग बघ!" "अरे, पूलमध्ये काय करतायत त्या?" "शेती करतायत रे." "पूलमध्ये?" एक आजोबा पोरांना सांगायला लागले की आम्ही राहायला आलो तेव्हा पलीकडे अजून भात होता, बेडूक ओरडायचे. गेटवरचा खराखुरा वॉचमन आत डोकावला आणि त्या खुर्चीवरच्या भुताला बघून असा लाजला! मी एका कोपऱ्यात उभी, हातापायांना रंग, आणि मला वाटत होतं की आता मी खरंच उडणार.

अनघाताई सगळ्यांत शेवटी पुढे आल्या. मग चौथ्या मजल्यावरच्या एका खिडकीवर त्यांनी बोट ठेवलं. आत एक भूत ओट्याशी पोळी लाटत होतं. "मावशी," त्या हळूच म्हणाल्या, "ही तुम्ही का हो?"

"छे हो ताई," आई म्हणाली. "मी ढळढळीत जिवंत आहे."

आणि मग दोघी एकदमच हसायला लागल्या, अनघाताई तर डोळे पुसत हसत होत्या. हसणं ओसरल्यावरही त्या आईचा हात धरून उभ्या होत्या. भिंतीखाली समितीने आधीच एक छापील पाटी लावलेली, 'सौजन्य: सांस्कृतिक समिती'. त्यांनी ती काढली, उलटी केली, पेन मागितलं.

"पूर्ण नाव सांग गं."

"मनीषा दत्ताराम पाष्टे, बी.कॉम."

"बी.कॉम. पण लिहू?"

"लिहा," मी म्हणाले. "चित्रं दोन आठवड्यांत झाली. बी.कॉम.ला तीन वर्षं लागलीत."

त्यांनी लिहिलं. मोठ्या अक्षरात.

आज पुन्हा तोच ऑक्टोबर आहे. शेजारी कुणीतरी चकलीची भाजणी भाजतंय, माझ्यापुढे कुणाचं तरी टाकलेलं दीपगृह आहे आणि मी ठरवतेय की त्याच्या गोल जिन्यावर सिलिंडर कोण चढवणार. या वर्षी डोंबिवलीतली तीन आणि ठाण्यातली दोन कॉम्प्लेक्सं माझ्याकडून भिंती करून घेतायत. वकीलसाहेबांकडची नोकरी मी दोन वर्षांपूर्वी सोडली. आम्ही राहतो तिथेच, मानपाड्यात, कामासाठी वेगळी खोली घेतलीय. आईने पोळ्यांची कामं सोडली. ती आता चित्रं घासून देते आणि मला नावं ठेवते. बाबा रंग कालवतात. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि आपल्या हाताने काढलेल्या चित्रावर आपलं नाव लिहून घर चालवणारीही मीच पहिली.